चार कवड्या, पंचवीस घरे

सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर गेला की दुपारचे रस्ते ओस पडतात आणि घरात शहाबादी फरशीचा गारवा तेवढा बरा वाटतो. त्याच फरशीवर खडूने पाच आडव्या, पाच उभ्या घरांचा चौकोन आखायचा, चार बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी मधोमध फुली मारायची, की पट तयार. सोंगट्या म्हणून बांगडीचे तुकडे, खडे, मणी, काहीही चालते. फासे म्हणून चार कवड्या. त्या नसतील तर चिंचोके फोडून त्यांच्या पांढऱ्या बाजू दगडावर घासून घेतलेल्या. मराठी घरात याला चल्लस-आठ म्हणतात. शहराच्या पूर्व भागात, जिथे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती आहे, तिथल्या तेलुगू भाषेत हाच खेळ अष्टा-चम्मा होतो. अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडच्या कन्नड घरांच्या भाषेत तो चौकाभारा. तिन्ही नावे चार आणि आठ या दोन मोठ्या दानांवरून पडलेली आहेत, आणि पटही तोच आहे.

गल्लीतले क्रिकेट आणि हातातला फोन यांच्या मध्ये हे बैठे खेळ दिसेनासे होत चालले, अशी हळहळ नेहमी ऐकू येते. हळहळीपेक्षा अवघड प्रश्न दुसराच आहे: हे खेळ नेमके खेळायचे कसे? दुकानातून आणलेल्या खेळाच्या खोक्यात नियमांचा कागद असतो. चल्लस-आठचा कागद कुठेच नव्हता. नियम आजीच्या तोंडी, मावशीच्या तोंडी, आणि भांडण झाले तर घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्या शब्दावर. ज्या घरात ती माणसे गेली, त्या घरापुरता तो खेळ संपला. म्हणून या आढाव्याची सुरुवात नियमांपासूनच करायला हवी.

चल्लस-आठ चौघांचा खेळ. दोघे-तिघेही खेळतात. प्रत्येकाच्या चार सोंगट्या आणि समोरची फुली हे त्याचे घर. कवड्या हातात खुळखुळवून टाकायच्या आणि तोंड वर करून पडलेल्या मोजायच्या. एक, दोन, तीन पडल्या तर तितकेच दान. चारही उताण्या पडल्या तर चार, म्हणजे चल्लस. चारही पालथ्या पडल्या तर शून्य नव्हे, आठ. चल्लस किंवा आठ पडले की पुन्हा एकदा टाकायला मिळते. सोंगटी आपल्या घरातून निघून बाहेरच्या सोळा घरांच्या वाटेवर घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. फेरी पुरी होता होता, आपल्या घराच्या अलीकडच्या चौकोनातून ती आत वळते आणि आतल्या आठ घरांतून घड्याळाच्या दिशेने फिरत मधल्या फुलीत पोहोचते. दुसऱ्याची सोंगटी ज्या चौकोनात असेल तिथे नेमके दान पडले तर ती मरते, आपल्या घरी परत जाते, आणि मारणाऱ्याला आणखी एक दान मिळते. फुलीच्या घरात मात्र कोणी कोणाला मारत नाही. तिथे चारही रंग शेजारी बसू शकतात. मधल्या घरात शिरायला नेमके दान लागते, एकही जास्त चालत नाही. चारही सोंगट्या ज्याच्या आधी आत, तो जिंकला.

बहुतेक घरांत सारखे असलेले नियम इथेच संपतात. पुढे प्रत्येक घराचा वेगळा कायदा.

काही घरांत कोणाची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या वाटेला वळता येत नाही. न मारता आलेली सोंगटी बाहेरच फेऱ्या घालत राहते. काही घरांत ही अट नाही. कुठे सोंगट्या पहिल्यापासून घरात मांडलेल्या असतात, तर कुठे चल्लस किंवा आठ पडल्याशिवाय एकही सोंगटी पटावर येत नाही. लागोपाठ तीनदा मोठे दान पडले तर ते सगळे फुकट गेले, असेही काही जण मानतात. एकाच रंगाच्या दोन सोंगट्या एका चौकोनात आल्या तर त्यांचे जुग होते. ते जुग एकट्या सोंगटीने मारता येते की नाही, जुगाने चालायचे तर दान निम्मे धरायचे की पुरे, यावर तर पिढ्यान्‌पिढ्या वाद झालेले आहेत.

हे फरक किरकोळ नाहीत; थोडा हिशेब मांडला की ते कळते. कवडी दोन्ही बाजूंनी सारखीच पडते असे धरले, तर चार कवड्यांच्या सोळा शक्यता होतात. त्यांपैकी एक पडण्याच्या चार, दोनच्या सहा, तीनच्या चार, चल्लसची एक आणि आठची एक. म्हणजे मोठे दान आठांत सरासरी एकदाच पडते. ज्या घरात मोठ्या दानाशिवाय सोंगटी निघत नाही, तिथे पहिली सोंगटी पटावर यायलाच सरासरी आठ वेळा कवड्या टाकाव्या लागतात, आणि मार खाऊन परतलेल्या सोंगटीला पुन्हा तेवढीच वाट पाहावी लागते. त्या घरातला खेळ लांबतो, एकेका सोंगटीचे मोल वाढते, माणूस जपून खेळतो. जिथे ही अट नाही तिथे तोच पट धावपळीचा आणि मारामारीचा होतो. एका ओळीच्या नियमाने खेळाचा स्वभावच बदलतो.

आणि ज्यांना हा केवळ नशिबाचा खेळ वाटतो, त्यांनी आणखी थोडे मोजून पाहावे. घरापासून मध्यापर्यंत एका सोंगटीला चोवीस पावले चालावे लागते. चार सोंगट्यांची शहाण्णव. सरासरी दान अडीचाचे. म्हणजे कोणी कोणाला मारले नाही तरी अडतीस-एकोणचाळीस वेळा कवड्या टाकाव्या लागतात, आणि त्यातल्या बहुतेक वेळी कोणती सोंगटी हलवायची हे खेळणाऱ्याच्या हातात असते. शत्रूच्या पुढे दोन घरांवर बसणे सर्वांत धोक्याचे, कारण दोनचे दान सोळांत सहा वेळा पडते. एक किंवा तीन घरांवर धोका त्याहून कमी. पाच, सहा किंवा सात घरांवर बसले तर एका दानात कोणी पोहोचूच शकत नाही. आधी चल्लस आणि मग नेमके उरलेले दान पडले तरच मार बसतो, आणि तसे होण्याची शक्यता चाळीसांत एकाहूनही कमी. ज्या बायका कधी शाळेत गेल्या नाहीत त्या मुरलेल्या खेळाडू नेमक्या याच अंतरावर सोंगट्या ठेवत आल्या आहेत. हे ज्ञान आहे, आणि ते ज्ञान म्हणूनच नोंदले जायला हवे. खरी कवडी अर्थातच दोन्ही बाजूंनी सारखी पडत नाही. तिची पाठ किती फुगीर आणि तोंड किती रुंद यावर दान झुकते. म्हणून जुन्या खेळाडूंना आपल्याच कवड्या हव्या असतात.

चल्लस-आठचा थोरला भाऊ सारीपाट. चार हातांचा फुलीसारखा पट, प्रत्येक हातात तीन रांगा आणि रांगेत आठ घरे, म्हणजे एकूण शहाण्णव घरे आणि मध्ये मोकळा चौक. लाल, पिवळ्या, हिरव्या आणि काळ्या अशा सोळा सोंगट्या. समोरासमोर बसलेले दोघे भिडू असतात, त्यामुळे स्वतःची सोंगटी अडकवून भिडूची सोडवण्याचे डाव इथे खेळता येतात. कवड्यांवर खेळला तर पचिसी, लांबट चौपैलू फाशांवर खेळला तर चौसर. या खेळाला महाराष्ट्रात देवादिकांची बैठक आहे. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात आणि २९ क्रमांकाच्या धुमार लेण्यात शिव-पार्वती द्यूत खेळताना कोरलेले आहेत. दिवाळीच्या पाडव्याला पंचांगात द्यूतप्रतिपदा म्हटले जाते, आणि कोजागरीच्या जागरणातही फाशांचा खेळ सांगितला आहे.

सोलापूरकराला वेरूळपर्यंत जाण्याचीही गरज नाही. शहराला लागूनच असलेल्या बाळ्याच्या खंडोबाला चंपाषष्ठीला यात्रा भरते. खंडोबाच्या लोककथेत सारीपाटाचा डाव कथेचा सांधाच आहे: म्हाळसेबरोबरच्या पैजेत देव हरतो, बारा वर्षे घर सोडतो, धनगरवाड्यात चाकरी करतो आणि बाणाईला घेऊन येतो. हैदराबाद रस्त्यावरच्या नळदुर्गाचे नाव लोक नळराजाशी जोडतात. फाशांवर राज्य घालवणारा तोच नळ. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्याची कथा आहे. तिथेही द्यूतात हरणे आणि त्याची देणी हा संसार सोडण्याच्या वाटेवरचा मोठा टप्पा आहे. हे तिघेही फाशांवर हरलेले. मराठी परंपरेने द्यूताचा धाक कधी लपवला नाही, आणि खेळ मात्र देवघराशेजारी ठेवला.

लेखी पुरावाही जवळचाच. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, सिद्धरामेश्वर होऊन गेले ते हेच शतक आणि हाच प्रदेश. या ग्रंथाच्या क्रीडांवरच्या भागात बुद्धिबळ आणि फाशांच्या खेळाबरोबर कवड्यांच्या खेळाचेही प्रकरण आहे. राजाने बसून कवड्यांच्या खेळाचे नियम लिहावेत, इतका तो खेळ त्या काळी मानाचा होता.

डॉमिनोचा उल्लेख इथे करायला हवा, कारण तोही मुळात फाशांचाच वंशज. चीनमध्ये जन्मलेल्या या खेळात दोन फासे टाकल्यावर पडणाऱ्या एकवीस जोड्या एकेका सपाट तुकड्यावर कोरल्या गेल्या. चिनी संचात त्यांतल्या अकरा जोड्या दोनदा घेऊन बत्तीस तुकडे होतात. अठराव्या शतकात युरोपात पसरलेल्या संचात कोऱ्या बाजूचे सात तुकडे आले आणि संख्या अठ्ठावीस झाली. दोघांनी खेळायचे तर प्रत्येकी सात उचलायचे, उरलेले पालथे ठेवायचे, आणि टेबलावरच्या रांगेच्या दोन टोकांना जुळणारा अंक लावत जायचे. न जुळल्यास पालथ्या ढिगातून उचलायचा. सगळे तुकडे ज्याचे आधी संपले तो जिंकला, आणि समोरच्याच्या हातात उरलेली टिंबे त्याच्या खात्यात. सगळ्या तुकड्यांवर मिळून टिंबे एकशे अडुसष्ट, त्यामुळे लक्ष देऊन मोजणाऱ्याला समोरच्याच्या हातात काय आहे हे ओळखता येते. कवड्यांचा पट उघडा असतो. डॉमिनोत हात झाकलेला. सोलापुरात हा खेळ रुजलेला नाही. त्या जातीची झाकल्या हाताची बुद्धी मराठी मुलुखात सापडते ती गंजिफ्यात.

सावंतवाडीची दशावतारी गंजिफा म्हणजे लाखेने चमकवलेली एकशे वीस गोल पाने: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, त्यांत राजा, प्रधान आणि एक ते दहा. तिघांनी खेळायचे, प्रत्येकाला चाळीस. दिवसा ज्याच्या हातात राम त्याची सुरुवात, रात्री ज्याच्या हातात कृष्ण त्याची. पाच अवतारांत दश्शी वरची आणि पाच अवतारांत एक्का वरचा, हे लक्षात ठेवून एकशे वीस पानांचा माग काढायचा म्हणजे स्मरणशक्तीची कसोटी. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजवाड्यात कारागीर बसवून ही कला जगवली, हे त्यांचे मोठे ऋण आहे. पण पाने टिकली आणि खेळ मागे पडला. आज सावंतवाडीहून गंजिफा विकत आणणाऱ्यांतले बहुतेक जण ती चौकटीत लावतात. वस्तू वाचवल्याने खेळ वाचत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात नाही.

वाघ-बकरीलाही अशीच वेगवेगळी नावे: तेलुगूत पुली-मेका, कन्नडमध्ये आडू-हुली. तीन वाघ, पंधरा बकऱ्या, त्रिकोणी पट, एकाही फाशाची गरज नाही, सगळा खेळ डोक्याचा. चौदा खळग्यांचा कन्नड अळगुळी मणे आणि तेलुगू वामनगुंटलू हा चिंचोके वाटत जाण्याचा खेळ. हंपीच्या देवळांच्या फरशांवर अशा कितीतरी खेळांचे पट दगडातच कोरलेले आहेत.

मग मराठी माणसाने आपल्या खेळांचे नियम लिहिलेच नाहीत का? लिहिले, पण मैदानी खेळांचे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधले. हुतुतूचे नियम १९२३ च्या सुमारास बडोद्यात ठरत गेले आणि त्यातूनच पुढे कबड्डी देशभर पोहोचली. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. बैठ्या खेळांसाठी असा एक मोठा प्रयत्न त्याहून आधीचा आहे. औरंगाबादच्या हरिकृष्ण शर्मांनी १८७१ मध्ये ‘क्रीडाकौशल्यम्’ लिहून बुद्धिबळ, गंजिफा, पट आणि फासे यांचे खेळ पद्धतशीर मांडले. पण तो ग्रंथ संस्कृतात. ज्या बाया दुपारी कवड्या टाकत होत्या त्यांच्यापर्यंत तो जाण्याची शक्यताच नव्हती. मैदानी खेळ पुरुषांचे, आखाड्याचे, स्पर्धेचे. त्यांना समित्या मिळाल्या. माजघरातल्या खेळांना त्या मिळाल्या नाहीत.

याचा फायदा दुसऱ्यांनी घेतला. अमेरिकेत पचिसी ‘पार्चिसी’ झाली, इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये तिचे सोपे रूप ‘लुडो’ नावाने पेटंट झाले, आणि एका चौकोनी फाशाचा तो लुडो भारतात परत येऊन घराघरात सारीपाटाच्या जागी बसला. नवी मुंबईच्या कंपनीचे ‘लुडो किंग’ २०१६ मध्ये आले आणि २०२० च्या टाळेबंदीत कोट्यवधी फोनांवर खेळले गेले. त्या काळात कुटुंबे त्यावर एकत्र आली हे खरेच आहे, आणि त्यात वाईट काही नाही. पण त्या पडद्यावर घरचा कायदा नाही. नियम लिहिणारा एकच. पैसे लावण्याचा प्रश्न वेगळा. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात कौशल्याचे खेळ आणि नशिबाचे खेळ असा भेद आहे. पैसे लावलेला लुडो यांपैकी कशात बसतो हा वाद २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवरच बंदी आणली. चिंचोक्यांवर खेळणाऱ्या घराला यातले काहीच लागू होत नाही.

शेजारी काय करतात ते पाहण्यासारखे आहे. चेन्नईत विनीता सिद्धार्थ यांची ‘क्रीडा’ ही संस्था २००२ पासून तमिळ बैठे खेळ नियमांच्या पुस्तिकेसह बाजारात आणते. म्हैसूरच्या रामसन्स कला प्रतिष्ठानने पारंपरिक पट कारागिरांकडून नव्याने करून घेतले आणि त्यांची प्रदर्शने भरवली. दोन्ही कामे मोलाची. पण दोन्हींत एक धोका आहे: छापलेल्या पुस्तिकेत एकच नियम येतो आणि तोच खरा ठरतो. स्पर्धेसाठी कबड्डीला एक नियम हवा होता. चल्लस-आठला स्पर्धेची घाई नाही. तिथे पन्नास नियम पन्नास घरांच्या नावासह लिहिले तर काही बिघडत नाही, उलट खेळ कसा फिरला याचा नकाशाच हाती येतो. तेलंगणातून सोलापुरात आलेल्या घरात मारल्याशिवाय आत वळता येत नसेल आणि शेजारच्या मराठी घरात येत असेल, तर ती नोंद इतिहासाच्या कोणत्याही दप्तराइतकी महत्त्वाची आहे.

या कामाला सोलापूरइतके योग्य शहर महाराष्ट्रात दुसरे नाही. तीन भाषांची घरे एका गल्लीत आहेत. आणि पट मुळात कापडाचा: जुने सारीपाट कापडावर शिवलेले, भरतकाम केलेले, खेळ झाला की चारही हात मिटून आत कवड्या-सोंगट्या ठेवायची पिशवी होणारे. १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी उभी राहिलेल्या, भौगोलिक मानांकन मिळालेली चादर जकार्ड मागावर विणणाऱ्या या शहराला पंचवीस घरांचा चौकोन किंवा शहाण्णव घरांची फुली विणणे अवघड नाही. चादरीच्या नक्षीत मोर आणि फुले येतात, तसा पटही येऊ शकतो. पद्मशाली कारागीर भिंतीवर लावायची विणलेली चित्रे करतातच. त्याच हातांचा पट जमिनीवर अंथरायला मिळाला तर तो भिंतीवर अडकून पडणार नाही.

नोंदीचे काम शाळेतली मुलेही करू शकतात. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर सगळे शहर लोटते. तिथे एक मोठा पट अंथरून येणाऱ्या आजी-आजोबांना खेळायला बसवावे आणि त्यांनी सांगितलेले लिहून घ्यावे. प्रश्न साधे असावेत. कवड्या चार की सहा? चारही पालथ्या पडल्या तर किती धरता? सोंगटी निघायला काय पडावे लागते? मारल्याशिवाय आत वळता येते का? जुग फुटते का? मधल्या घरात नेमके दान लागते का? खेळ कोणाकडून शिकलात, कोणत्या गावी आणि कोणत्या भाषेत? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी लिहावे आणि नियम त्याच्याखाली मांडावेत. पुढे दोन घरांचे नियम जुळले किंवा बिनसले, तर ते गाव आणि ती भाषा हाताशी असेल.